दहा-बारा जणांचं रसिक मंडळ कसं सुरू करावं आणि कसं टिकवावं

गावात किंवा कॉलनीत साहित्याचं एखादं छोटं मंडळ काढायचं म्हटलं की पहिल्याच दिवशी नाव, बोधचिन्ह, अध्यक्ष आणि उद्घाटनाचा पाहुणा यांवर तासभर जातो. काय वाचायचं, हा प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलला जातो. ज्या मंडळांची सुरुवात अशी होते ती सहसा चौथ्या-पाचव्या महिन्यात थंडावतात. खाली दिलेली पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे: जमलेल्या प्रत्येकाच्या हातात मजकूर हवा आणि बोलणं त्या मजकुराबद्दल हवं. बाकीच्या सोयी त्यासाठी.

आधी ठरवा: कशाचं मंडळ?

मराठीत साहित्याची मंडळं साधारण तीन प्रकारची असतात. लिहिणाऱ्यांचं मंडळ, कार्यक्रम करणाऱ्यांचं मंडळ आणि वाचणाऱ्यांचं मंडळ. १९२३ साली पुण्यात सुरू झालेलं रविकिरण मंडळ पहिल्या प्रकारचं. तिथे जमणारे स्वतः कवी होते आणि आपल्या कविता लोकांसमोर म्हणून दाखवत. व्याख्यानमाला भरवणारी मंडळं दुसऱ्या प्रकारची. हा लेख तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं एकत्र वाचून त्याचा आस्वाद घेणारं मंडळ.

हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोलून टाका, कारण बारा रसिकांत चार-पाच कवी निघतातच. एकाने स्वतःची कविता वाचली की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. तीन बैठकांत मंडळाचं कविसंमेलन होतं आणि जे फक्त वाचक असतात ते यायचे थांबतात. स्वरचितासाठी वर्षातून दोन वेगळ्या बैठका ठेवा आणि त्यांच्या तारखा आधीच जाहीर करा. 'शेवटची दहा मिनिटं स्वरचित' ही तडजोड करू नका. ती दहा मिनिटं पुढच्या महिन्यात चाळीस होतात.

माणसं किती आणि कुठून

नियमित येणारी आठ ते बारा माणसं पुरेत. त्यासाठी पंधरा-सोळा नावं यादीत हवीत, कारण दर वेळी तीन-चार जण गैरहजर असतातच. वरची मर्यादा बारा का, तर दोन तासांच्या बैठकीत वाचन, चहा आणि सुरुवात-शेवट वजा जाता बोलण्याला जेमतेम तास उरतो. बारा जणांत तो वाटला तर प्रत्येकाला पाच मिनिटं. वीस जण झाले की तीन, मग शांत माणसं आपोआप गप्प होतात.

माणसं शोधायला वाचनालयाच्या ग्रंथपालांसारखा दुसरा आधार नाही. कोण कथासंग्रह नेतं, कोण एकच पुस्तक तीनदा नूतनीकरण करतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. सूचनाफलकावर कागद लावाच, पण त्यांनी एखाद्याला 'तुम्ही या' असं म्हटलं तर त्याचा उपयोग कागदापेक्षा जास्त होतो.

निवृत्त शिक्षक हे अशा मंडळांचं बळ असतं आणि अडचणही. गावातल्या माजी मुख्याध्यापकांना अर्धे सदस्य 'सर' म्हणतात, त्यातले काही त्यांचेच विद्यार्थी असतात. सर बोलले की विषय संपला असं सगळे धरून चालतात. म्हणून बोलण्याची फेरी नेहमी वयाने सगळ्यात लहान असलेल्यापासून सुरू करा आणि कारणही उघड सांगा. बहुतेक सरांना ते पटतं.

जागा आणि वेळ

पहिली पसंती सार्वजनिक वाचनालयाच्या खोलीला. हाताशी पुस्तकं असतात, भाडं बहुधा लागत नाही आणि वाचनालयालाही उपक्रम हवे असतात. वाचनालयाच्या सचिवांना एका पानाचं पत्र द्या: महिन्यातला कोणता दिवस, किती वाजता, किती माणसं, दिवे-पंखे कोण बंद करणार, किल्ली कोणाकडे. शेवटच्या दोन मुद्द्यांवरूनच पुढे कुरबूर होते, त्यामुळे तेच आधी लिहा.

आळीपाळीने घरी जमायचं असेल तर खाण्याचा नियम कडक ठेवा: चहा आणि एक कोरडा पदार्थ. नियम नसला की पहिल्या महिन्याचा चिवडा चौथ्या महिन्यात साबुदाणा वडा होतो, सहाव्यात गुलाबजाम येतात. ज्या घरी बैठक असते तिथली बाई पूर्ण वेळ स्वयंपाकघरात अडकते आणि लहान घर असलेले सदस्य आपली पाळी टाळू लागतात. देवळाचा सभामंडप मिळत असेल तर संध्याकाळच्या आरतीची आणि भोंग्याची वेळ विचारून घ्या.

बसायला गोल करा, रांगा नकोत. सतरंजी दिसायला छान, पण साठीच्या पुढच्या गुडघ्यांना दोन तास झेपत नाहीत. किमान सहा खुर्च्या ठेवा. जमिनीवरचे आणि खुर्चीवरचे असे दोन गट पडू देऊ नका, मिसळून बसवा. उजेड कागदावर पडतो का, हे दिवस मावळल्यावर एकदा जाऊन पाहा.

महिन्यातून एक बैठक, ठरलेला वार आणि ठरलेली वेळ: उदाहरणार्थ तिसरा रविवार, संध्याकाळी ५ ते ७. 'सगळ्यांना सोयीचा दिवस' दर महिन्याला विचारत बसलात की तो दिवस सापडत नाही. दुसरा आणि चौथा शनिवार बँकेतल्यांना सुटीचा असतो, पण शाळा-कॉलेजवाल्यांना बऱ्याच ठिकाणी नसतो. वर्षाला बारा नव्हे, दहाच बैठका धरा. गणपती-दिवाळीत एक आणि मे महिन्यात लग्नसराई-सुट्यांत एक बुडणारच, ती आधीच सोडून द्या. २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाच्या आठवड्यातही बैठक नको. सभागृहं, वक्ते आणि तुमचेच निम्मे सदस्य त्या दिवसांत दुसरीकडे गुंतलेले असतात.

काय वाचायचं, किती वाचायचं

निवडीत मतदान नको. मतदानात नेहमी तीच चार ओळखीची नावं जिंकतात, आणि ज्यांची निवड हरली ते तयारीशिवाय येतात. पाळी लावा. ज्याची पाळी त्याने निवडायचं आणि त्यानेच बैठकीची मांडणी करायची. अट एवढीच, की मजकूर बैठकीत मोठ्याने वाचून होण्याइतका असावा.

याचा हिशोब सोपा आहे. सावकाश, नीट वाचणारा माणूस मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द वाचतो. छापील पानावर अडीचशे ते तीनशे शब्द असतात, म्हणजे एका पानाला सव्वादोन मिनिटं. बारा पानांची कथा सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांत संपते. हीच वरची मर्यादा. कविता असेल तर वीस-तीस ओळींच्या दोन. तीन घेतल्या की तिसरीवर अन्याय होतो.

कादंबरी नवख्या मंडळाने घेऊ नये. अडीचशे पानं घरी वाचून या म्हटलं की निम्मे वाचत नाहीत, न वाचलेले कथानक विचारतात आणि वाचलेल्यांचा वेळ ते सांगण्यात जातो. घ्यायचीच असेल तर एकच प्रकरण निवडा, मागचं कथानक अर्ध्या पानात लिहून वाटा आणि बोलणं त्या प्रकरणापुरतं ठेवा.

संतसाहित्य जरूर घ्या, पण थोडं: दोन-तीन अभंग किंवा दहा-पंधरा ओव्या. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, अभंगाचा क्रमांक देऊ नका, पहिली ओळ द्या. गाथेच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत क्रमांक वेगळे असतात आणि पाठभेदही असतात. पाच जण पाच प्रती घेऊन आले की पहिली पंधरा मिनिटं पान शोधण्यात जातात. दुसरी गोष्ट, चर्चा निरूपणाकडे घसरते. तिला शब्दांकडे परत आणायला रचनेचा उपयोग होतो. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. बोटांवर अक्षरं मोजायला लावली की त्या चार अक्षरांच्या आखूड चरणाशी आवाज कसा थांबतो, हे ऐकू यायला लागतं, आणि तिथून बोलणं पुन्हा ओळीवर येतं.

पहिल्या वर्षाचा एक चालण्यासारखा आराखडा: तीन बैठका कवितांच्या, तीन कथांच्या, एक ललित लेखाची, एक अभंग-ओव्यांची, एक नाटकातल्या एका प्रवेशाची आणि एक दिवाळी अंकांची. नाटकाच्या प्रवेशात भूमिका वाटून वाचायचं, उभं राहायचं नाही. उभं राहिलं की अभिनयाची स्पर्धा सुरू होते.

दिवाळी अंकांची बैठक सगळ्यात चुरशीची होते, म्हणून तिची पद्धत नीट पाहा. 'मासिक मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, पण आता अंकांच्या किमती पाहता एका घराला तीन-चारपेक्षा जास्त परवडत नाहीत. बारा जणांनी बारा वेगवेगळे अंक घ्यायचे. कोण कोणता घेणार हे दिवाळीच्या पंधरवडाभर आधी ठरवा, नाहीतर एकाच अंकाच्या चार प्रती जमतात. प्रत्येक अंकाच्या आतल्या कोऱ्या पानावर सदस्यांची नावं क्रमाने लिहा. अंक दर आठवड्याला पुढच्या नावाकडे जातो. वाचणाऱ्याने आवडलेल्या मजकुरापुढे अनुक्रमणिकेत पेन्सिलने खूण करायची, जास्तीत जास्त दोन. बारा आठवड्यांत, साधारण जानेवारीच्या शेवटाला, अंक फिरून परत येतो आणि सगळ्यात जास्त खुणा मिळालेली कथा बैठकीला घेतली जाते. जिच्या पुढे एकच खूण आहे अशीही एक कथा घ्या आणि खूण करणाऱ्याला ती का आवडली ते विचारा. बहुतेक वेळा हीच चर्चा जास्त रंगते.

कागद

मजकूर छापूनच आणा. मोबाइलवर पाठवलेल्या पानाच्या फोटोत कडा वाकलेल्या असतात, अक्षर बारीक असतं, आणि वाचता वाचता मेसेज आला की माणूस गेला. अक्षर १४ पॉइंट, उजवीकडे चार बोटं समास, आणि दर पाचव्या ओळीला क्रमांक. क्रमांक नसले की 'ती खालची ओळ', 'नाही, त्याच्या वरची' यात वेळ जातो. प्रती सदस्यांपेक्षा तीन जास्त काढा. पेन्सिलींचा एक डबा ठेवा.

कविता व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलू नका. तिथे फिरणाऱ्या कवितांत ओळी गळलेल्या असतात, शब्द बदललेले असतात आणि कित्येकदा कवीचं नावही भलतंच असतं. पुस्तकातून घ्या, कागदाच्या तळाशी आवृत्ती, वर्ष आणि पान लिहा.

कायद्याचं थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला आणि प्रकाशित साहित्यातल्या वाजवी उताऱ्याच्या जाहीर वाचनाला सवलत आहे. तिकीट लावलंत, ध्वनिमुद्रण करून इंटरनेटवर टाकलंत किंवा पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढून वाटलीत तर गोष्ट वेगळी. तिथे प्रकाशकाची किंवा लेखकाची लेखी परवानगी घ्या.

बैठक: दोन तासांचा क्रम

पाचची वेळ असेल तर पाचला जितके आलेत तितक्यांत सुरू करा. दहा मिनिटं थांबलात की पुढच्या वेळी सगळे दहा मिनिटं उशिरा येतात. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, आभार यांपैकी काही नाही. मांडणी करणारा फक्त सांगतो की आज अमुक वाचणार आहोत, अमुक आवृत्तीतून.

पहिलं वाचन त्याने करायचं ज्याने घरी किमान तीनदा मोठ्याने वाचून पाहिलं आहे. आवाज चढवायचा नाही, अभिनय नाही, आणि गायचं तर अजिबात नाही. गाणं म्हणून गाजलेली कविता घेतली असेल तर हा नियम दुप्पट लागू. चाल कानात असली की शब्द दिसेनासे होतात, चार जण गुणगुणायला लागतात आणि बोलणं गायकावर, संगीतकारावर जातं. अशी कविता आधी सरळ गद्यासारखी वाचा, विरामचिन्हं पाळून. ज्या जागी चालीत स्वर लांबवला आहे तिथे कवितेत वाक्य मोडलेलंच नाही, असे शोध लागतात.

वाचून झालं की दोन मिनिटं शांतता. पेन्सिल हातात, कोणी बोलायचं नाही. सुरुवातीला ही दोन मिनिटं अवघड जातात आणि कोणीतरी 'वा!' म्हणून ती मोडतं. घड्याळ लावा. मग दुसऱ्याच कोणी तरी पुन्हा वाचायचं, शक्यतो पहिला आवाज पुरुषाचा असेल तर दुसरा बाईचा, किंवा वयाने लांबचा. कथा असेल तर दुसरं वाचन फक्त पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदाचं.

आता पहिली फेरी. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची: आपण कोणत्या शब्दाशी किंवा ओळीशी अडखळलो. कारण सांगायचं नाही. 'पुढे' म्हणून पाळी सोडायला मुभा आहे. दहा मिनिटांत ही फेरी होते आणि बैठकीचा नकाशा तयार होतो, कारण बाराजणांत पाच जण एकाच ओळीशी थांबलेले असतात. चर्चा तिथून सुरू करा.

मोकळ्या चर्चेसाठी मांडणी करणाऱ्याने चार-पाच प्रश्न खिशात ठेवावेत. हे कोण बोलतंय आणि कोणाला उद्देशून? कथा कुठून पाहिली जाते, कोणाला काय माहीत नाही? मजकूर वळतो कुठे? हा शब्द काढून जवळचा दुसरा ठेवला तर काय बिघडतं? हा शेवटचा प्रश्न हुकमी आहे. चर्चा विझली की तोच काढा. 'कवीला काय म्हणायचं आहे?' हा प्रश्न मात्र टाळा. तो शाळेतून आलेला आहे, त्याला एकच उत्तर असतं अशी समजूत घट्ट आहे, आणि ते उत्तर आल्यावर सगळे चहाकडे पाहू लागतात.

लेखकाचं चरित्र, पुरस्कार, 'मी त्यांना एकदा भेटलो होतो' हे सगळं शेवटच्या पाच मिनिटांत. आधी घेतलं तर मजकुरावर परत येता येत नाही. शेवटी एकदा पुन्हा पूर्ण वाचन (कथेतला एखादा परिच्छेद), पुढची तारीख, पुढची पाळी, आणि सातला उठायचं. चहा साडेसहाच्या आधी आणू नका.

जिथे बिघडतं

'अप्रतिम', 'काळजाला भिडलं' एवढ्यावर थांबणाऱ्याला टोकू नका, फक्त 'कुठल्या ओळीला?' असं विचारा. लांबण लावणाऱ्यासाठी वाळूचं घड्याळ किंवा मोबाइलची तीन मिनिटांची घंटा. ती सगळ्यांना लागू असली की कोणाचा अपमान होत नाही.

बोलीतला मजकूर असेल, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, तर ती बोली घरात बोलणाऱ्याकडूनच वाचून घ्या. तसा कोणी नसेल तर प्रमाण मराठीच्या उच्चारात सरळ वाचा. बोलीची नक्कल केली की लोक हसतात आणि मजकूर विनोदी होऊन बसतो.

दलित आणि ग्रामीण साहित्य वाचताना शिव्या किंवा जातिवाचक शब्द आले की वाचणारा गाळतो किंवा पुटपुटतो. असं करू नका. वाचणाऱ्याला आधी विचारा, जमणार नसेल तर दुसऱ्याला द्या, आणि सगळ्यांना सुरुवातीलाच सांगा की मजकूर जसा आहे तसा वाचला जाईल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मंडळातला एखादा सदस्य त्या समाजातला असेल तर त्याच्याकडे वळून 'तुम्ही सांगा, खरंच असं असतं का?' असं विचारू नये. तोही इतरांसारखा वाचक म्हणूनच आला आहे.

नोंद, पैसे, पाहुणा

कामं तीन: बोलावणं, नोंद, पैसे. ती तीन वेगळ्या माणसांकडे द्या आणि दर वर्षी बदला. नोंदवही म्हणजे साधं दोनशे पानी रजिस्टर. तारीख, हजेरी, मजकूर आणि आवृत्ती, मांडणी कोणाची, आणि चर्चेच्या पाच-सहा ओळी. त्यात न सुटलेला एक प्रश्न जरूर लिहा. दोन वर्षांनी तीच कविता पुन्हा घेतली की ही नोंद उपयोगी पडते.

महिना ५० रुपये वर्गणी धरली तर बारा जणांचे ६०० होतात. झेरॉक्स १००, चहा-बिस्किटं २५०, उरले २५०. दहा बैठकांत अडीच हजार शिल्लक पडते. त्यात पाच-सात पुस्तकं येतात. पैसे एकाच्या मोबाइलवर जमा होत असतील तर शिल्लक दर बैठकीत मोठ्याने सांगायची, कोणी विचारलं नसलं तरी.

पाहुणा वर्षातून एकदा, आणि भाषणाला नव्हे. लेखक किंवा अनुवादक आला तर त्याने गोलात बसून आधी सगळ्यांचं ऐकावं आणि मग बोलावं. हे निमंत्रणातच लिहा, प्रवासखर्च किती देणार तेही. शाल-श्रीफळाऐवजी पुस्तक द्या. लेखकांच्या घरी शाली भरपूर असतात.

पुस्तकांचा पुरवठा जिथे अवघड आहे, म्हणजे राज्याबाहेर किंवा परदेशात, तिथे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेची पद्धत उचलण्यासारखी आहे: २५ पुस्तकांची एक पेटी, ती ठराविक काळाने दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. ऑनलाइन बैठक घ्यायची असेल तर आठ जण, ७५ मिनिटं, आणि मजकूर पडद्यावर नव्हे तर प्रत्येकाने छापून घेतलेला.

नोंदणी आणि संख्या

संस्था म्हणून नोंदणी पहिली दोन-तीन वर्षं करू नका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सभासद लागतात, महाराष्ट्रात त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते, आणि मग दरवर्षी हिशोब तपासणी, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, सभांची इतिवृत्तं. महिन्याला ६०० रुपये हाताळणाऱ्या मंडळाला हे ओझं झेपत नाही. अनुदान किंवा मंडळाच्या नावाचं बँक खाते हवंच असेल तरच त्या वाटेला जा. तोवर वाचनालयाचा एक उपक्रम म्हणून काम चालतं.

सलग तीन बैठकांना सोळाच्या वर माणसं आली तर मंडळाचे दोन भाग करा, आवडीनुसार नव्हे, राहण्याच्या भागानुसार. आवडीनुसार केले की एकीकडे सगळे कवितावाले जातात. उलट, पावसाळ्यात कधी चारच जण आले तरी बैठक रद्द करू नका. कथा बाजूला ठेवा आणि नेहमी जादा छापून ठेवलेली एखादी छोटी कविता काढा. चार जणांत ती तासभर पुरते.